एकशे पन्नासावा दिवस

मंगळवारी सकाळी इंदूरहून पीथमपूरच्या कारखान्याकडे जाणारी कंपनीची बस राऊला थांबली आणि क्वालिटी खात्यातला एक मुलगा नेहमीची मागची जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसला. मी राजेंद्र नगरला चढते. माझ्या शेजारची जागा बहुतेक पीथमपूरपर्यंत रिकामीच राहते, कारण एचआरच्या मॅडमशेजारी बसायला मुलं बिचकतात. हा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग हळूच म्हणाला, "मॅडम, मेरे छह महीने हो गए. मैं पक्का हुआ कि नहीं?"

मी मनात हिशोब केला. सहा महिने होऊन सतरा दिवस उलटले होते. सुपरवायझरनं चांगला शेरा लिहून दिला होता, पण खातेप्रमुख रजेवर गेलेले आणि कागद त्यांच्या टेबलावर पडून. मुलगा कायम होणार हे सुपरवायझरला, खातेप्रमुखांना आणि मला माहीत होतं. ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न, त्याला एकट्यालाच माहीत नव्हतं.

त्या सतरा दिवसांत त्यानं काय केलं ते त्यानंच सांगितलं. बहिणीच्या साखरपुड्याला खरगोनला गेला नाही, रजा मागितली तर वाईट दिसेल म्हणून. अंगात ताप असताना दोन रात्रपाळ्या काढल्या. खोलीमालक अकरा महिन्यांचा करार करू म्हणत होता, त्याला "थांबा थोडं" म्हणत राहिला. मी त्याची माफी मागितली. बसमध्येच, सगळ्यांदेखत. चूक माझ्या टेबलाची होती.

१९९८ पासून मी हेच काम करते आहे. आधी देवासला, मग सांवेर रोडवर, आणि गेली अकरा वर्षं पीथमपूरला एका औषध कंपनीत. या काळात शेकडो माणसांना मी पहिल्या दिवशी नेमणूकपत्र दिलं असेल. प्रोबेशन म्हणजे कंपनीनं माणूस पारखायचा काळ, असं सगळे समजतात. ते अर्धंच खरं आहे. कंपनी पारखते, माणूसही कंपनी पारखतो, आणि त्या काळाला एक शेवटची तारीख असते. ती तारीख दोघांनी मिळून ठरवलेली असते आणि कंपनीनं सही करून दिलेली असते. ती पाळणं हे उपकार नव्हेत.

माझी स्वतःची पहिली नोकरी आठवते. पत्रात लिहिलं होतं, सहा महिने प्रोबेशन, व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार वाढवता येईल. सहा महिने झाले, कुणी काही बोललं नाही. आठव्या महिन्यात मी विचारलं, तर साहेब म्हणाले, "काम चालू आहे ना तुमचं? मग झालं तर." दहाव्या महिन्यात परत विचारलं, तर म्हणाले, अजून थोडं बघू. काय बघायचं राहिलं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. चौदाव्या महिन्यात एक ओळीचं पत्र आलं. त्या चौदा महिन्यांत कंपनीच्या पतपेढीचं सभासदत्व नाही, कमावलेली रजा नाही. त्याच वर्षी घरात माझी स्थळं बघणं चाललं होतं. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत तेव्हा पहिला प्रश्न कोणता असे ते सांगायला नको. पत्रिका नंतर, आधी "नोकरी पक्की आहे ना?" आई "होईलच आता" म्हणायची, आणि मी आत चहाचे कप भरत ते ऐकायची. मी काम नीट करत होते. पण एखाद्याला आठ महिने कुणी सांगतच नाही की तू बरा आहेस, तेव्हा आपण बरे नसू असंच हळूहळू वाटायला लागतं. माझा आवाज बसला होता त्या वर्षी. मीटिंगमध्ये बोलायचे नाही.

बाबा मात्र दर महिन्याच्या सात तारखेला, पगाराच्या दिवशी, एकच विचारायचे. "पत्र आलं का?" पगार किती झाला हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्याला कारण होतं. बाबा कापडगिरणीत बदली कामगार म्हणून लागले होते. आजच्या मुलांना बदली म्हटलं की ट्रान्सफर वाटतं. गिरणीतली बदली म्हणजे कुणी कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी उभा करायचा माणूस. परदेशीपुऱ्यातल्या खोलीतून पहाटे निघायचं, भोंगा व्हायच्या आत फाटकावर पोचायचं, हातात बदलीचं कार्ड. आत हजेरी घेतली जायची, कोण कोण आलं नाही ते कळायचं, आणि मग बाहेर नावं पुकारली जायची. नाव आलं तर आठ तासांची मजुरी. नाही आलं तर डबा घेऊन परत, किंवा दुसऱ्या पाळीपर्यंत तिथंच चहाच्या टपरीवर. आई सांगायची, फाटकावरून परत आल्यावर बाबा डबा उघडायचे नाहीत. संध्याकाळी तोच डबा खायचे. कमावला नाही तो डबा दुपारी कसा खायचा, असं त्यांना वाटायचं.

चार वर्षं ते बदलीवर होते. साचेखात्यात लूम चालवायला ते त्यातल्या पहिल्या दोन महिन्यांतच शिकले होते. पारख तेव्हाच झाली होती. उरलेली तीन वर्षं दहा महिने ही पारख नव्हती, ती सोय होती. गिरणीला रोज सकाळी फाटकावर स्वस्तात माणसं हवी होती, एवढंच.

पुढं या कामाला लागल्यावर मी १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालचा, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचा, केंद्र सरकारचा नमुना वाचला. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली. त्या नमुन्यात कामगारांचे वर्ग दिले होते: कायम, प्रोबेशनर, बदली, तात्पुरता, प्रासंगिक, शिकाऊ. बदलीची व्याख्या वाचताना मी थांबले. तात्पुरत्या गैरहजर असलेल्या कायम कामगाराच्या किंवा प्रोबेशनरच्या जागी नेमलेला तो बदली. म्हणजे प्रोबेशनर आला नाही तर त्याचाही बदली असायचा. बाबा त्या उतरंडीत त्याच्याही खाली उभे होते. आणि प्रोबेशनरची व्याख्या अशी की, रिकाम्या कायम जागेवर तात्पुरता घेतलेला आणि तीन महिने पूर्ण न झालेला कामगार. "रिकाम्या कायम जागेवर" हे शब्द मी नव्या सुपरवायझरांना मुद्दाम वाचून दाखवते. जागा कायमच आहे, तिच्यावर हाच माणूस बसणार की नाही एवढंच ठरायचं आहे. जागाच नसेल तर ते प्रोबेशन नाही, दुसरंच काहीतरी आहे. त्याच नमुन्यात असंही होतं की कायम माणसाला नव्या पदावर प्रोबेशनर म्हणून घेतलं, तर त्या तीन महिन्यांत त्याला जुन्या कायम पदावर परत पाठवता येई. म्हणजे बढती जमली नाही म्हणून त्याची नोकरी जात नसे. बढतीची धास्ती घेऊन बसलेल्या आमच्या दोन ऑपरेटरांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला.

तारीख उलटली आणि कुणी काहीच बोललं नाही, तर तो माणूस काय? कायम की अजून प्रोबेशनर? बसमधल्या मुलाचा प्रश्न हाच होता, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९६८ साली पंजाबातल्या शिक्षकांच्या, धरमसिंग यांच्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं, की नियमांत प्रोबेशनची कमाल मर्यादा तीन वर्षं दिली असेल आणि त्यानंतरही माणसाला कामावर ठेवलं असेल, तर तो कायम झाला असं मानावं लागेल. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण २००१ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका दिवाणी न्यायाधीशांचं, सत्यनारायण झंवर यांचं प्रकरण आलं. कमाल मर्यादा तिथंही होती. पण नियमांत योग्यता ठरवणं आणि परीक्षा उत्तीर्ण होणं या अटीही होत्या, म्हणून नुसती मुदत उलटल्यानं कायम होता येत नाही, असा निकाल लागला. हे दोन्ही निकाल सरकारी सेवेतले, खासगी कंपनीला ते जसेच्या तसे लागत नाहीत. पण त्यांतून मी माझ्यापुरता अर्थ काढला तो असा: गप्प बसणाऱ्याच्या गप्प बसण्यातून माणसाला हक्क मिळेलच याची खात्री नाही. म्हणून विचारा. मुदत संपायच्या आधी, लेखी, ईमेलनं. "माझी मुदत अमुक तारखेला संपते, कृपया निर्णय कळवावा." एवढ्या दोन ओळींनी कुणी नाराज होत नाही. आणि होत असेल, तर त्या कंपनीबद्दल तेही कळलेलं बरं.

प्रोबेशनर म्हणजे अर्धा कर्मचारी, ही समजूत तर मला सहनच होत नाही. सांवेर रोडला असताना मालकांचा दंडक होता, पीएफ कायम झाल्यावर. २००९ सालची गोष्ट. पगार पाच हजार, म्हणजे मुलाचे बारा टक्के सहाशे आणि कंपनीचे सहाशे. महिन्याला बाराशे, सहा महिन्यांचे बहात्तरशे. कायदा पहिल्या दिवसापासून सभासद करा म्हणतो, प्रोबेशनला त्यात सूट नाही. मी तीनदा मांडलं. तिसऱ्यांदा मालकांच्या वडिलांसमोर मांडलं, ते जुन्या वळणाचे होते, म्हणाले, "बेटा, ज्याचं त्याला द्या." त्या महिन्यापासून सुरू झालं. मागचे मात्र मी मिळवून देऊ शकले नाही, ते अजून डाचतं. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचंही तसंच. त्यासाठी लागणारी पाच वर्षं मोजतात ती रुजू झाल्याच्या दिवसापासून, कायम झाल्याच्या दिवसापासून नव्हे. निवृत्त होताना सहा महिने कमी धरलेले कागद मी दोनदा दुरुस्त करून घेतले आहेत.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसमधली एक मुलगी, रुजू होऊन पाच महिने झालेली, दुपारी माझ्या खोलीत आली आणि दार लावून उभी राहिली. तिला तिसरा महिना लागला होता. सासूनं सांगितलं होतं, कायम होईपर्यंत कुणाला बोलू नकोस. ती सैल कुर्ते घालून येत होती आणि कारखान्यात जिने चढत होती. मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्याचं कलम समोर ठेवलं. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. कायम असणं ही अटच नाही. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि त्या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. तिनं ते कलम दोनदा वाचलं आणि रडायला लागली. राहिलेला महिना पूर्ण करून ती कायम झाली आणि मग रजेवर गेली. मुलगी झाली तिला. मला तिच्याइतकाच राग त्या गोष्टीचा आला, की पाच महिने आमच्याकडे असून तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्यात मीही आले. आता पहिल्या दिवशी देतो त्या कागदांत हिंदीतलं एक पान आहे: पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, रजा, बाळंतपण, तक्रार कुठं करायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि नेमणूकपत्र सगळ्यांनाच देणं बंधनकारक झालं, हे फार चांगलं झालं. पण त्यातली भाषा माणसाला कळली पाहिजे.

माझ्याकडे एक जाड रजिस्टर आहे. सॉफ्टवेअरमध्ये सगळं असतं, तरी ते मी ठेवते. माणूस रुजू झाला की त्याच्या नावापुढं तीन तारखा लिहायच्या: तिसावा, नव्वदावा आणि एकशे पन्नासावा दिवस. तिसाव्या दिवशी मी त्याच्याशी बोलते, सुपरवायझर नाही. जेवणाची सोय आहे का, रात्रपाळीची बस मिळते का, शिकवतं कोण. नव्वदाव्या दिवशी सुपरवायझर आणि तो समोरासमोर. एकशे पन्नासाव्या दिवशी निर्णय काय होणार ते त्याला सांगायचंच. कारण कमतरता असेल तर भरून काढायला तीस दिवस हातात राहतात. एकशे ऐंशीव्या दिवशी सांगितलेली चूक ही चूक दाखवणं नसतं, ती शिक्षा असते.

नव्वदाव्या दिवसानं एक मुलगा वाचला आहे. बडवाणीकडचा, बी.एस्सी. झालेला. सुपरवायझर म्हणाले, याला ठेवू नका, बॅच रेकॉर्ड, म्हणजे औषधाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदी, घाण करतो. औषधाच्या कारखान्यात नोंद चुकली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. हा मुलगा अंकावर अंक गिरवत होता. मी त्याला बोलावून विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? तर रुजू झाल्यापासून तो रात्रपाळीतच होता, प्रशिक्षणाचा वर्ग दिवसपाळीत होतो, आणि त्याच्या फायलीत प्रशिक्षण झाल्याची सही दुसऱ्याच कुणी करून ठेवली होती. त्याला दोन आठवडे दिवसपाळीला आणलं. मुदत तीन महिने वाढवली, पण पत्रात कारण लिहिलं, काय सुधारायचं ते लिहिलं, आणि प्रशिक्षण उशिरा झालं ही आमची बाजूही लिहिली. खातेप्रमुखांना ते वाक्य नको होतं. मी काढलं नाही. आज तो मुलगा नव्यांना नोंदी शिकवतो.

सगळ्यांना ठेवता येत नाही, हेही मला लिहिलं पाहिजे. एक माणूस होता, वयानं तिशीतला, बोलायला गोड, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. तो गोदामाच्या तापमानाच्या नोंदी पाळी सुरू होतानाच आठ तासांच्या भरून ठेवायचा. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा परत तेच सापडलं. तिथं ठेवलेलं औषध कुणाच्या तरी आईच्या पोटात जाणार असतं. मी त्याला समोर बसवून सांगितलं, का ठेवत नाही ते स्पष्ट सांगितलं, आणि पत्रात मात्र फक्त मुदत संपल्यावर सेवा पुढं चालू ठेवत नाही एवढंच लिहिलं. प्रोबेशनरला जाऊ देताना पत्रात कलंक लावायचा नसतो. आरोपच ठेवायचा असेल तर रीतसर चौकशी करावी लागते. १९७४ साली समशेरसिंग प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठानं हेच पाहिलं होतं, की आदेशाचे शब्द साधे असले तरी आत शिक्षा लपलेली आहे का. त्या माणसाला मी पूर्ण महिन्याचा पगार आणि अनुभवाचं पत्र त्याच दिवशी हातात दिलं. तो उठताना म्हणाला, "आपने मुँह पर बोला, अच्छा किया." रात्री मला झोप लागली नाही. लागूही नये, असं मला वाटतं.

आणि एक, पगाराचं. माझी भाची २०२१ मध्ये राज्य सरकारच्या नोकरीत लागली. २०१९ च्या डिसेंबरात शासनानं थेट भरतीसाठी नियम आणला होता: प्रोबेशन तीन वर्षांचं, आणि त्यात पहिल्या वर्षी मूळ वेतनाच्या ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९०. ती कामावर पहिल्या दिवसापासून शंभर टक्के जात होती. खोलीचं भाडं शंभर टक्के, एस.टी.सारख्या बसचं तिकीट शंभर टक्के. पारखायला वेळ घ्या, तीन वर्षं घ्यायची तर घ्या, पण केलेल्या कामाचा पगार हा पारखण्याचा भाग कसा होतो? बाबा असते तर त्यांना हे लगेच कळलं असतं. निदान बदलीवाल्याला ज्या दिवशी आत घेत, त्या दिवसाची मजुरी मिळत असे.

मंगळवारी मी कारखान्यात उतरले ती सरळ खातेप्रमुखांच्या खोलीत गेले. ते रजेवर, म्हणून प्लँट हेडकडून सही घेतली. दुपारी चारला त्या मुलाला बोलावलं. पत्रावर कायम झाल्याची तारीख मंगळवारची घातली नाही, मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवसाची घातली. त्यानं तारीख बघितली आणि विचारलं, "मॅडम, ये तो पुरानी डेट है?" मी म्हटलं, तू त्या दिवशीच कायम झालास, कागद उशिरा आला. त्यानं दुसऱ्या प्रतीवर सही केली, पत्राचा फोटो काढला आणि तिथंच उभं राहून घरी पाठवला. साखरपुडा तर होऊन गेला. लग्न वैशाखात आहे, त्याची चार दिवसांची रजा मी आत्ताच लिहून घेतली.

शुक्रवारी पॅकिंगमधल्या दोघींचा एकशे पन्नासावा दिवस आहे. एकीबद्दल सुपरवायझरनं फॉर्मवर नुसतं "ठीक है" लिहून पाठवलंय. फॉर्म मी परत केला आहे. उद्या जेवणानंतर लाइनवर जाऊन त्याच्या शेजारी उभी राहीन, आणि ठीक म्हणजे काय ते विचारून घेईन.